पंपघराच्या भिंतीवरचं तळं

वसाहतीत त्यांना सगळे पाणीकाका म्हणत. त्यामुळे नळाला पाणी आलं नाही की लोक बादल्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहत. 'मी नळाच्या पाण्याचा नाही हो, तळ्याच्या पाण्याचा आहे,' हे पाणीकाका गेली एकतीस वर्षं सांगत आले होते. लोक मान डोलवत आणि विचारत, "मग नळाला कधी येणार?"

पाणीकाका पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तपासनीस होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वसाहतीमागच्या तळ्यावर जायचं, दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडायची, पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा आणि आलेला आकडा अहवालात लिहून वर पाठवायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत तो आकडा लिटरला साडेसात मिलिग्रॅमवरून एकावर आला होता. चारच्या खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत धडपडतात. दोनच्या खाली धडपडायलाही फारसे मासे उरत नाहीत. हे सगळं अहवालात होतं. अहवाल वर जात होता. वर गेल्यावर त्याचं काय होतं हे पाणीकाकांनी कधी विचारलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाने फार प्रश्न विचारू नयेत, असं त्यांचं मत होतं.

उत्तर मात्र न विचारताच मिळालं. एकदा साहेबांच्या खोलीत सही घ्यायला गेले असताना त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. उचलायला वाकले तर साहेबांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली निळ्या पुठ्ठ्याचं एक बाड दिसलं. तो त्यांचाच गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल होता. टेबल अजिबात डुगडुगत नव्हतं, हे कबूल करायला हवं. तेवढ्यावर समाधान मानून बघावं म्हणून पाणीकाकांनी दोन दिवस प्रयत्न केला. जमलं नाही.

त्याच आठवड्यात खात्याने जनजागृतीचं प्रशिक्षण ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या, "लोकांना आकडे कळत नाहीत. लोकांना चित्र कळतं. तुमचं विज्ञान कलेच्या हातात देऊन बघा." बाकीची मंडळी चहाची वाट बघत होती. पाणीकाका एकटे खुर्चीत ताठ झाले.

घरी येऊन पायातले बूट काढायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "मी भिंत रंगवणार आहे."

"देव पावला," बायको म्हणाली. "मी दोन वर्षं सांगतेय, स्वयंपाकघराचे पोपडे निघालेत म्हणून."

"स्वयंपाकघराची नाही. पंपघराची."

 बायको आत गेली आणि आतूनच म्हणाली, "तिथेच जेवायला बसा मग."

पंपघराची भिंत वसाहतीच्या फाटकासमोर होती. चांगली चाळीस पावलं लांब, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत येणारी. तिच्यामागे झाडी, आणि झाडीमागे तळं. पाणीकाकांच्या मनात सगळं स्वच्छ होतं. भिंतीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकतीस वर्षांचा आलेख. रेषेखाली पाण्याचा रंग, डावीकडे निळा, मग हिरवट, मग मळकट, आणि फाटकाजवळ अगदी काळपट. माणूस भिंतीच्या कडेने चालत गेला की चाळीस पावलांत एकतीस वर्षं चालून येईल आणि फाटकापाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा उतरलेला असेल. वसाहतीतल्या यच्चयावत लोकांचे चेहरे उतरलेले पाणीकाकांना आत्ताच दिसत होते. फार बरं वाटत होतं त्यांना.

परवानगीसाठी ते नगर कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"हे चित्र आहे का सूचना?"

"आलेख आहे."

"तसं नाही चालत. चित्र असेल तर सौंदर्यीकरण विभाग, वरचा मजला. सूचना असेल तर आरोग्य विभाग, पण तिथले साहेब रजेवर आहेत."

"कधी येणार?"

"ते कुणालाच माहीत नाही. चित्रावर खूण करा. तुमच्या भल्याचं सांगतोय."

पाणीकाकांनी चित्रावर खूण केली. वरच्या मजल्यावर सौंदर्यीकरणवाल्यांनी तीन हेलपाट्यांत परवानगी दिली. सोबत अटींचा एक छापील कागद होता. त्यातली सातवी अट अशी होती: 'चित्र नागरिकांचे मन प्रसन्न करणारे असावे.' पाणीकाकांनी अटी वाचल्या नाहीत. लोक अहवाल वाचत नाहीत म्हणून ज्याचं काळीज तुटत होतं, तोच माणूस एका पानाचा कागद न वाचता खिशात घालून आला. ही गोष्ट त्यांना पुढे फार लागली.

पेंटर शोधायला लांब जावं लागलं नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुना पेंटर बसत असे. एके काळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. छापील फलक आले आणि पाट्या गेल्या. आता तो गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवत असे आणि उरलेला वेळ स्वच्छ ब्रश पुन्हा स्वच्छ करण्यात घालवत असे. चाळीस पावलांची भिंत म्हटल्यावर त्याच्या हातातला ब्रश डब्यात पडला.

"सगळी?"

"सगळी."

"काका, एवढी भिंत मला आयुष्यात कुणी दिली नाही." तो पाणीकाकांच्याच वयाचा होता, पण वसाहत काका म्हणते म्हणून तोही काका म्हणे.

पाणीकाकांनी आलेखाचा कागद पसरला. पेंटरने तो आदराने पाहिला, जसा आपण न कळणाऱ्या भाषेतला कागद पाहतो. मग म्हणाला, "हे ठीक आहे. पण पाणी कसं होतं ते सांगा. मला बघायला हवं ना."

आणि इथे पाणीकाका घसरले. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी पाहिलेलं तळं ते सांगू लागले. काठाची पाणकणसं, त्यावर बसणारा खंड्या. तळाचे गोटे मोजता येतील असं नितळ पाणी. बाटली सोडली की दोरीभोवती गोळा होणारे, चांदीसारखे चमकणारे बोटभर मासे. ही बोटं अशी पाण्यात धरली की ते येऊन टोचत, हेसुद्धा त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. पेंटर ब्रश खाली ठेवून ऐकत असे. आताचं तळं कसं आहे हे मात्र त्यांनी थोडक्यात आटपलं. "आता घाण आहे," एवढंच म्हणाले. त्याबद्दल बोलायला त्यांना नको वाटे.

रंगकाम सुरू झालं आणि वसाहत भिंतीसमोर जमू लागली. फुकटचा सल्ला द्यायला एवढी लांबलचक जागा यापूर्वी कुणाला मिळाली नव्हती.

सगळ्यात आधी आले हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक, वय एकाहत्तर, रोज पहाटे व्यायाम करणारे आणि इतरांनी केला की नाही याची चौकशी करणारे. "रेषा उतरती का?" त्यांनी विचारलं. "उतरती रेषा बघून माणूस खचतो. चढती काढा."

"सर, ते मोजमाप आहे."

"मोजमाप असू द्या हो. उलट्या बाजूने मोजा."

मग वसाहतीचे सेक्रेटरी आले. त्यांचं दुखणं उजव्या टोकाला होतं. "फाटकाशी काळं पाणी? पाहुणे काय म्हणतील? मुलगी बघायला येणारी माणसं याच फाटकातून येतात, काका. काळा रंग जरा अलीकडे घ्या."

काळा रंग अलीकडे घेतला. अलीकडे विजेची पेटी होती. तिच्या आड काळं पाणी गेलं तर सगळ्यांचंच मन राहील असं ठरलं. मग सौंदर्यीकरणाचा माणूस पाहणीला आला, त्याने सातवी अट बोटाने दाखवली, आणि पेटीच्या आडचं काळं हिरवट झालं. मग आलेखाची रेषा. ती चित्राच्या मधून गेल्यामुळे माशांचे दोन तुकडे झाल्यासारखे वाटतात, असं तळमजल्यावरच्या बाईंचं म्हणणं पडलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. रेषा खाली सरकली आणि पाणकणसांच्या मुळाशी गेली. आकडे बारीक करता करता मुंग्यांएवढे झाले. प्रत्येक वेळी पाणीकाका म्हणत, "एवढंच ना? करू या." प्रत्येक वेळी गोष्ट खरोखरच एवढीशीच असे. अडून बसण्यासारखं असं एकदाही काही झालं नाही.

मेहुण्याने तर कहर केला. तो एका रविवारी आला आणि म्हणाला, "भावोजी, एवढं करून तुमचं नाव कुठे?" पाणीकाका नको नको म्हणाले. ते नको किती हळू होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. उजव्या कोपऱ्यात, वीतभर अक्षरांत, 'संकल्पना व शास्त्रीय माहिती' असं लिहून खाली त्यांचं नाव आणि हुद्दा आला. अख्ख्या भिंतीवर लांबून वाचता येईल असा तेवढाच मजकूर होता. पेंटरने स्वतःचं नाव कुठेच घातलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाला, "पाटी लिहिणारा नाव घालत नाही."

चित्र मात्र असं झालं की रस्त्यावरची वाहनं थांबू लागली. चाळीस पावलं निळं, नितळ पाणी. तळाचे गोटे. खंड्या असा की आत्ता झेप घेईल. आणि मासे, शेकडो बोटभर मासे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला वळलेलं. ज्यांनी नावं ठेवायचं ठरवलं होतं तेही उगाच उभे राहत. सौंदर्यीकरण विभागाने त्या वर्षीची सुंदर भिंत म्हणून तिचा गौरव केला. पाणीकाकांच्या गळ्यात हार पडला. फोटोत ते हसत होते.

त्यानंतर जे झालं ते चित्र चांगलं झालं म्हणून झालं.

लोक झाडी ओलांडून तळ्यावर जाऊ लागले. एवढं सुंदर तळं मागे आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं म्हणू लागले. प्रत्यक्ष पाणी जरा गढूळ दिसे, पण ते ऊन नसल्यामुळे किंवा ऊन असल्यामुळे असेल, अशी समजूत निघे. माशांना घालायला लोक पाव आणू लागले. मासे नव्हतेच. पाव तरंगे, फुगे, कुजे. त्या महिन्यात पाणीकाकांनी बाटली सोडली तेव्हा आकडा एकावरून अर्ध्यावर आला होता.

त्याच सुमारास तळ्यात येणारं सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रस्ताव पुढे सरकला होता आणि पाहणीसाठी समितीचे पाच जण आले होते. ते फाटकाशी उतरले. त्यांनी भिंत पाहिली, खाली तपासनीसाचं नाव आणि हुद्दा पाहिला, फोटो काढले. पुढे झाडीत चिखल होता. समिती परत गेली. प्रस्तावावर शेरा आला: 'तूर्त निकड दिसत नाही.'

साहेबांनी पाणीकाकांना बोलावून घेतलं. "तुमचा अहवाल म्हणतो पाणी मेलंय. तुमची भिंत म्हणते पोहायला या. खात्याने कुणावर विश्वास ठेवायचा?"

 खाली मान घातली तर टेबलाच्या पायाशी नजर जात होती, म्हणून पाणीकाका खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि मग हेडसर. एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पहाटेच्या व्यायामात पोहणं वाढवलं होतं. चार दिवस तळ्यात पोहले. पाचव्या दिवशी अंगभर चट्टे उठले. पायाला जुनी जखम होती, ती चिघळली, ताप चढला आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. दोन दिवस डॉक्टर पायाबद्दल काही नक्की सांगेनात. हेडसरांची मुलगी व्हरांड्यात बसून होती. तिने पाणीकाकांकडे पाहिलं आणि बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं पाणीकाकांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाय वाचला. पाणीकाका आत गेले. हेडसर उशीला टेकून बसले होते. गालावर औषधाचे जांभळे ठिपके होते आणि त्यामुळे ते एखाद्या रागावलेल्या पक्ष्यासारखे दिसत होते.

"सर, तुम्ही शिकलेले माणूस. पाण्यात उतरायच्या आधी मला विचारायचं तरी."

"कशाला विचारू?" हेडसर म्हणाले. "खाली तुमचं नाव होतं की. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं असतं तर गेलो नसतो."

पाणीकाका घरी आले ते जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं. ती टोमणा मारेल म्हणून ते वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला आवडलं होतं ना ते चित्र? मग चूक कळायला वेळ लागतोच." हा टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते चुन्याची बादली आणि स्वयंपाकघरासाठी आणून ठेवलेला ब्रश घेऊन भिंतीशी गेले. सुरुवात स्वतःच्या नावापासून केली. हुद्द्यापर्यंत पोचतात तोच पहारेकरी धावत आला. त्याच्या मागून सेक्रेटरी, अंगावर टॉवेल. त्यांच्या मागून वसाहत.

"काका, डोकं फिरलं का? बक्षीस मिळालेली भिंत आहे!"

"पाणी घाण आहे," पाणीकाका म्हणाले. "एकतीस वर्षं मोजतोय मी."

"मग पाण्याला चुना लावा ना! भिंतीने काय केलंय?"

तळमजल्यावरच्या बाई रडवेल्या होऊन मासे मोजत होत्या, किती गेले ते. कुणी ब्रश ओढला, कुणी बादली. पाणीकाकांच्या सदऱ्याची एक बाही पांढरी झाली होती आणि भिंतीवर खंड्याच्या पंखावरून चुन्याचे ओघळ उतरत होते. एवढ्यात गर्दी बाजूला झाली. कुणीतरी पेंटरला आणलं होतं.

 याच्या हातचं आहे, आता हाच बघून घेईल, असं सगळ्यांच्या मनात होतं. पेंटरने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पाणीकाकांकडे पाहिलं.

"खरंच इतकं घाण आहे पाणी?"

"हो."

"सर त्याच्यामुळे आजारी पडले?"

"या चित्रामुळे पडले. म्हणजे माझ्यामुळे."

पेंटर पुढे झाला. त्याने पाणीकाकांच्या हातातून ब्रश घेतला, बादलीत बुडवून निथळला आणि म्हणाला, "चुना पातळ झालाय. ओघळ येतायत. भिंत खराब होईल अशाने." आणि तो डावीकडच्या टोकाला गेला आणि वरून खाली, एकसारखे हात मारत, स्वतःचं तळं पांढरं करू लागला. दुपारपर्यंत काम चाललं. गर्दी केव्हाच पांगली होती. पाणीकाका बादली धरून उभे होते. शेवटचा मासा पुसताना पेंटर थबकला नाही. पण ब्रश धुताना फार वेळ लावला.

"तुम्ही मला आताचं पाणी सांगितलंच नाहीत, काका," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही सांगितलंत तेच मी काढलं."

"माहीत आहे मला."

"तसं सांगितलं असतंत तर तेही काढलं असतं. तेही चांगलंच काढलं असतं."

पाणीकाकांना वाटलं, एकतीस वर्षांत आपल्या हातून जे काही राहिलं ते सगळं या एका वाक्यात आलं. माफी मागावी तर पेंटरने ती हातानेच उडवून लावली. पंधरा दिवसांनी गल्लीत गेले तेव्हा तो नंबरपाटी रंगवत होता. पाणीकाका म्हणाले, "सोमवारी नमुना घ्यायला जातोय. याल का?"

तो आला. झाडी ओलांडून दोघं काठाशी उभे राहिले. पेंटरने नाकाला रुमाल लावला आणि मग काढला. पाणीकाकांनी बाटली भरली, तिच्यात दोन औषधांचे थेंब सोडले. बाटलीत पांढरा साका खाली बसू लागला.

"पांढरा म्हणजे चांगला ना?"

"प्राणवायू असता तर तपकिरी झाला असता. पांढरा म्हणजे काही नाही."

पेंटर पाण्याकडे बघत राहिला. डोळे बारीक करून, मान कलती करून, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या रंगाशी डब्यातला रंग जुळवताना बघावं तसा.

अहवालात शेवटी एक रकाना असतो, पाण्याचा रंग. त्यात पाणीकाका वर्षानुवर्षं 'गढूळ' असं लिहीत आले होते. त्यांनी विचारलं, "पेंटर, हा रंग कोणता म्हणाल?"

पेंटरने बराच वेळ घेतला. मग तो एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलू लागला, आणि पाणीकाका काठावरच्या दगडावर वही ठेवून जसंच्या तसं उतरवून घेऊ लागले: 'जुन्या ब्रशांचं धुतलेलं पाणी महिनाभर डब्यात राहिल्यावर होतो तो. हिरवा होता, पण त्याला आता आठवत नाही. वरून तेलकट चमक, त्यामुळे लांबून निळं वाटतं. हात घालावासा वाटत नाही.'

अहवाल वर गेला. चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर अहवाल उघडा होता, शेवटच्या पानावर.

"हे काय लिहिलंय?"

"पाण्याचा रंग, साहेब."

साहेबांनी ते पुन्हा वाचलं. या वेळी ओठ हलत होते. "हे असं दिसतं?"

"असंच दिसतं."

"नऊ वर्षं झाली मला इथे येऊन," साहेब म्हणाले. "मी तिकडे गेलेलोच नाही."  मग त्यांना आपण साहेब असल्याची आठवण झाली असावी. "सरकारी कागदावर असली भाषा चालत नाही. खोडा आणि गढूळ लिहा. मग वर पाठवतो."

पाणीकाकांनी पट्टी मागून घेतली. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि भांडण्याचं बळ त्या चुन्याच्या बादलीपाशीच संपलं होतं. त्यांनी पेंटरच्या चारही ओळींवर रेघ मारली आणि बाजूला 'गढूळ' असं लिहिलं. रेघ सरळ होती, नियमाप्रमाणे होती. फक्त ती त्यांनी इतकी बारीक मारली की खालचं अक्षर न् अक्षर वाचता यावं.